शेपटी केवढी होती?

पत्र, थोडक्यात: "मी एकसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका. गोव्यात पर्वरीला एका सोसायटीत एकटी राहते, मुलगा बंगळुरूला असतो. आमच्या कुंपणापलीकडे काजूची जुनी झाडं आणि पडीक जागा आहे. महिन्यापूर्वी पहाटे पाचच्या सुमारास बाल्कनीतून काजूंच्या बुडाशी एक ठिपक्यांचं जनावर चालताना दिसलं. मोबाइलवर झूम करून फोटो घेतला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'मागच्या काजूंत वाघ आहे, कुणी बाहेर पडू नका.' नऊ वाजता तोच निरोप म्हापशाच्या भावाकडून मला परत आला. त्यात पट्टेरी वाघाचा फोटो होता, दोन बकऱ्या खाल्ल्याचं होतं, एका मुलाला ओढून नेल्याचंही होतं. शाळेची बस आली नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, चार दिवस फिरकला नाही. फॉरेस्टवाल्यांनी दोन रात्री कॅमेरे लावले, त्यात जवादी मांजर सापडलं. मधल्या काळात पलीकडच्या वाड्यावर पोरांनी घाबरून एक कोल्हा दगडांनी मारला. आता मी लिफ्टमध्ये शिरले की कुणीतरी 'म्यांव' करतं. मी ग्रुप सोडला. एक गृहस्थ म्हणाले, अफवेबद्दल पोलीस केस होऊ शकते. मुलगा म्हणतो, आई, यापुढे काहीही दिसलं तरी गप्प बस. मी तसं ठरवलंही होतं. पण चार दिवसांपूर्वी टाकीच्या गळतीने झालेल्या चिखलात एक पाऊल उमटलेलं दिसलं. मोठं आहे. त्यावर घमेलं पालथं घालून ठेवलंय, कुणाला सांगितलेलं नाही. सांगू का? – एक शिक्षिका, पर्वरी"

ताई, सप्रेम नमस्कार.

सांगा. हे वाचून झाल्यावर लगेच सांगा. कुणाला आणि कशा शब्दांत, ते पुढे लिहिते, पण सांगायचं की नाही हा प्रश्न मनातून काढून टाका.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा त्या घमेल्यापाशी थांबले. एवढी मानहानी सोसलेल्या बाईने ठसा पायाने पुसून टाकला असता, तर तिला दोष देववला नसता. तुम्ही तो झाकून ठेवलात. म्हणजे गप्प बसायचं असं तुम्ही ठरवलंत खरं, पण तुमच्या हातांनी ते मानलेलं नाही.

आधी त्या पहाटेबद्दल. तुम्ही खोटं बोलला नाहीत. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तुम्ही वर्गात कितीदा शिकवली असेल. त्यातल्या पोराला काहीच दिसलेलं नव्हतं आणि ते त्याला ठाऊक होतं. तुम्हाला जनावर दिसलं, ठिपके दिसले, आणि कॅमेऱ्यातही ठिपक्यांचंच जनावर सापडलं. तुमचं निरीक्षण बरोबर होतं. चूक झाली ती त्याला नाव देताना.

जवादी मांजर भरतं दोन ते चार किलो. मोठा नर बिबट्या पन्नास किलोच्या वर जातो. एवढा फरक डोळ्यांनी कसा गिळला, याचं उत्तर तुमच्या वयात नाही आणि चष्म्यातही नाही. डोळा आकार थेट मोजत नाही. तो आधी अंतर धरतो आणि त्यावरून आकार ठरवतो. पहाटेच्या अंधुक उजेडात, काजूच्या सावलीत, शेजारी ना स्कूटर ना बादली, मग अंतर कशावरून धरणार? जनावर पंधरा मीटरवर असताना मनाने चाळीस मीटर धरलं, तर ते अडीचपटीहून मोठं दिसतं. लांबीला अडीचपट, उंचीला अडीचपट. त्यात मोबाइलचा झूम त्याला पडदाभर करून दाखवतो आणि भोवतालचं सगळं कापून टाकतो. तुमच्या जागी तरुण फॉरेस्ट गार्ड असता तरी फसला असता, फक्त त्याने फोटो ग्रुपवर टाकला नसता.

आणि ही चूक जगभर होते. २०११च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये हॅम्पशरच्या हेज एंड गावाजवळ लोकांना शेतात पांढरा वाघ दिसला. पोलीस हेलिकॉप्टर घेऊन गेले, जवळच्या मैदानावरचा क्रिकेट सामना थांबवला. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात त्या वाघाच्या अंगाची ऊब दिसेना, आणि हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने तो कलंडला तेव्हा कळलं की ते कापडी खेळणं आहे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१२ मध्ये, एसेक्समधल्या सेंट ओसिथ गावात सुट्टीला आलेल्या लोकांनी सिंह पाहिल्याचं सांगितलं. हत्यारबंद पोलीस आले, प्राणिसंग्रहालयाची माणसं आली, दुसऱ्या दिवशी शोध थांबवला. बहुधा ते एक मोठं पाळीव मांजर होतं. बर्लिनच्या वेशीवर क्लाइनमाखनोव्ह इथे जुलै २०२३ मध्ये शंभराहून अधिक पोलीस जवळजवळ दीड दिवस सिंहीण शोधत होते. शेवटी जाणकारांनी व्हिडिओ नीट पाहिला, पाठीची गोलाई आणि अंगाचा बांधा तपासला आणि सांगितलं, ही सिंहीण नव्हे, रानडुक्कर असावं.

या गोष्टी लोक हसण्यासाठी सांगतात. मी त्या वेगळ्या कारणासाठी सांगते आहे. तीनही ठिकाणी कुणाला तरी काहीतरी दिसलं, त्याने ते योग्य माणसांना कळवलं, त्यांनी जाऊन पाहिलं आणि निकाल लागला. कळवण्याचा उपयोग हाच असतो. निकाल 'खेळणं' असा लागला म्हणून कळवणारा मूर्ख ठरत नाही.

आणि आपल्याकडे तर हसण्यावर नेण्याची सोयच नाही. एसेक्सच्या शेतात सिंह नसतो, पण गोव्यात बिबट्या असतो. राज्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटरपैकी सुमारे ७५५ अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यान यांत आहेत, आणि जनावराला त्यांची सीमा कुणी शिकवलेली नाही. मे २०२० मध्ये नेत्रावळी अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात काळा बिबट्या टिपला गेला. म्हादईच्या रानात पट्टेरी वाघ येतात, याचा सर्वांत दुःखद पुरावा जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यातल्या गोळावलीत मिळाला: वाघीण आणि तीन बछडे, चारही विषाने मेलेले. तुमच्या बार्देश तालुक्यातल्या गावांतूनही बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतच असतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. बाहेरचा माणूस खाऱ्या पाण्यात मगर कशी म्हणून हसेल, पण त्या काठच्या लोकांनी पौषाच्या अमावास्येला मातीची मगर घडवून पुजण्याची रीत काही भ्रमातून काढलेली नाही. तेव्हा 'इथे कुठला वाघ' म्हणून मोडीत काढणारा शेजारी आणि 'वाघच आहे' म्हणून ओरडणारा शेजारी, दोघेही न बघताच बोलत असतात.

आता तुमच्या निरोपातल्या एका शब्दाकडे या: 'वाघ'. मी सत्तरीत वाढले. आमच्याकडे म्हातारी माणसं बिबट्यालाही वागच म्हणत, आणि खऱ्या वाघाला पट्टेरी वाग. शिवेवर वाघरो, म्हणजे वाघदेव, होता, त्याला नारळ ठेवल्याशिवाय गुरं रानात जात नसत. त्या भाषेत 'वाघ दिसला' म्हणजे काय, ते गावात सगळ्यांना कळायचं. तुम्हीही त्याच अर्थाने लिहिलंत. पण तुमच्या सोसायटीत दिल्लीची माणसं आहेत, बेळगावची आहेत, केरळचीही असतील. त्यांनी वाघ वाचला आणि पट्टे डोळ्यांसमोर आणले. मग कुणीतरी पट्ट्यांचा फोटो शोधून जोडला. आता तर फोटो शोधावाही लागत नाही, मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या की तुमच्याच गेटसमोर उभा असलेला वाघ तयार होतो. बकऱ्या आणि मूल तुमचे नव्हते, ते वाटेत चिकटले. त्यांचं ओझं तुम्ही घेऊ नका. पण 'वाघ' हा शब्द तुमचा होता आणि 'बाहेर पडू नका' हा हुकूमही तुमचाच. एवढ्याची जबाबदारी घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या वाड्यावर कुणी धावत येऊन 'वाग!' म्हणाला, की माझे आजोबा त्याला आधी खाली बसवत, पाणी देत, आणि विचारत, "शेंपडी केदी आशिल्ली?" शेपटी केवढी होती? हसत नसत, घाबरतही नसत. शेपटी सांगायची तर माणसाला पुन्हा ते दृश्य डोळ्यांपुढे आणावं लागतं. बिबट्याची शेपटी लांब, जवळजवळ जमिनीला लागून टोकाला वर वळलेली. रानमांजराची आखूड, पायाच्या सांध्यापर्यंतच पोचणारी. जवादीच्या शेपटीवर काळी-पांढरी वळी असतात. कोल्ह्याची झुबकेदार. एका प्रश्नात अर्धं रान गाळून निघायचं. आज ग्रुपवर तीनशे माणसं होती आणि हा प्रश्न एकानेही विचारला नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तुमच्या शेजाऱ्यांची चूक मी तुमच्यापेक्षा मोठी धरते.

म्हणून कळवताना नाव शेवटी ठेवा. आधी जागा, वेळ, किती वेळ दिसलं, कुठून कुठे गेलं. भिंतीच्या कितव्या थरापर्यंत पाठ आली. शेपटी. अंतर डोळ्यांनी सांगू नका, उजाडल्यावर पावलांनी मोजून सांगा. मग हवं तर म्हणा, 'मला बिबट्या वाटला.' 'दिसला' आणि 'वाटला' यांत जे अंतर आहे ते तुम्ही व्याकरणात मुलांना शिकवलंय.

फोन करायचा तो वन खात्याच्या तुमच्या भागातल्या रेंज ऑफिसला, वेळ अवेळ असेल तर ११२ला. ग्रुपवर मागाहून, आणि फॉरेस्टवाले काय म्हणाले ते घेऊनच.

पोलीस केसच्या भीतीने झोप घालवू नका. भारतीय न्याय संहितेच्या ३५३व्या कलमात लोकांत घबराट पसरवणाऱ्या खोट्या माहितीला शिक्षा आहे, पण खरं मानायला वाजवी कारण होतं आणि सद्भावनेने सांगितलं, त्याला त्याच कलमात अपवाद आहे. बकऱ्या आणि मूल ज्याने जोडलं त्याने मात्र हे कलम जरूर वाचावं.

ग्रुपमध्ये परत जा. हे कठीण आहे हे मला कळतं, तरी जा, आणि एकदाच, असं काहीसं लिहा: 'अमुक तारखेला पहाटे मला काजूंत ठिपक्यांचं जनावर दिसलं. मी ते वाघ म्हणून कळवलं. वन खात्याच्या कॅमेऱ्यात ते जवादी मांजर असल्याचं दिसलं. न पडताळता लिहिल्याबद्दल मी माफी मागते. पट्टेरी वाघाचा फोटो, बकऱ्या आणि मुलाची बातमी माझी नव्हती आणि खरीही नव्हती. हा निरोप जिथे जिथे पुढे पाठवला असेल तिथे हेही पाठवा.' शेवटचं वाक्य गाळू नका. पहिला निरोप म्हापशापर्यंत पोचला, दुसरा निदान त्या वाटेला तरी लागला पाहिजे. आणि मग 'म्यांव' आलं तर उत्तर देऊ नका. ते म्यांव करणारे तुमच्याहून जास्त घाबरले होते, त्या चार दिवसांत कचरा टाकायला कोण खाली उतरत होतं ते आठवा.

मुलाला सांगा की तू काळजीने बोललास हे कळलं. पण एकट्या राहणाऱ्या आईला 'काहीही दिसलं तरी गप्प बस' हा सल्ला चालायचा नाही. उद्या ती घोणस असेल. गोव्यात घोणशीला अजगराचं पिल्लू समजून काठीने उचलायला जाणारी माणसं आहेत, तिथे चूक उलट्या दिशेला होते आणि जिवावर बेतते.

कोल्ह्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. पर्वरीच्या सड्यावर रात्री कोल्हेकुई ऐकू येते ती ऐकतच तुम्ही इतकी वर्षं राहिलात. त्या जनावराने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. कायद्याने त्याला संरक्षण आहे, पण दगड हातात घेतलेल्या पोराला कायदा आठवत नाही. त्याला 'वाघ' आठवला होता. खोट्या हाकाटीने माणसाला होणारा त्रास चार दिवसांत सरतो. जनावराला ती सवलत मिळत नाही. तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून एक मागणं आहे. त्या वाड्यावरच्या मुलांना एखाद्या रविवारी बोलवा. ओरडू नका, शिक्षा नको. कॅमेऱ्यातल्या जवादीचा फोटो फॉरेस्टवाल्यांकडून मागून घ्या आणि दाखवा. कोल्हा उंदीर-घुशी किती खातो ते सांगा. आणि त्यांना विचारा की त्या दिवशी त्यांना नेमकं काय दिसलं होतं. ती सांगतील. त्यांनाही कुणी विचारलेलं नसणार.

पोदेराकडे मात्र स्वतः जा. तो पहाटे सायकलवरून, अंधारात, एकटा फिरतो. तुमच्या निरोपाने सगळ्यांत जास्त घाबरायचा हक्क त्याचाच होता, आणि चार दिवसांचे उरलेले पाव त्याच्याच पदरात पडले. त्याला सरळ सांगा, माझी चूक झाली. तो पोंक-पोंक करत येतो तेच त्याच्यासाठी चांगलं आहे, बिबट्याला माणसाचा आवाज आधी कळला की तो वाट सोडतो.

आता घमेलं.

एकट्याने उचलू नका, शेजारच्या कुणाला तरी घेऊन जा, भलेही 'म्यांव' करणाऱ्याला. दिवसाउजेडी. ठशाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा आणि मोबाइल अगदी सरळ वर धरून फोटो घ्या, तिरका नको. ते नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून कुणालाही माप काढता येतं. मग बघा. कुत्र्याच्या पावलात बोटांपुढे नखांच्या टोच्या दिसतात आणि ठसा लांबट असतो, पुढची दोन बोटं एका रेषेत. मांजरकुळाचा ठसा गोलसर, नखं आत ओढलेली, आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. मोठ्या बिबट्याचा ठसा रुंदीला साधारण तीन नाणी शेजारी ठेवल्याएवढा. जवादीचा जेमतेम एका नाण्याचा. पण निसरड्या चिखलात मांजरकुळातलं जनावरही तोल सावरायला नखं काढतं, आणि ओल्या मातीत ठसा पसरून मोठा होतो, म्हणून निकाल तुम्ही देऊ नका. एकच ठसा आहे की पुढे-मागे आणखी आहेत, तेवढं पाहा आणि बीट गार्डला दाखवा.

आणि तो बिबट्याचाच निघाला तर? तर ग्रुपवर पिंजऱ्याची मागणी सुरू होईल. त्या वेळी दोन गोष्टी सांगायला तुम्ही तिथे असायला हव्यात. पुणे जिल्ह्यात जुन्नर भागात २००१ ते २००३च्या दरम्यान बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम झाली, आणि माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले. जिथे सोडले तिथेही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे अभ्यासातून मांडलं. दुसरी गोष्ट 'आजोबा' नावाच्या बिबट्याची. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या एका विहिरीत तो पडला होता. त्याला बाहेर काढून, गळ्यात कॉलर अडकवून माळशेज घाटात सोडलं. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत गावं होती, रस्ते होते, माणसं होती. कुणाला ओरखडाही आला नाही.

तुमच्याकडे तो येत असेल तर बहुधा कुत्र्यांसाठी, आणि कुत्री येतात कचऱ्यासाठी. मागच्या गेटजवळ उघडा पडणारा कचरा बंद करा, तिथला दिवा दुरुस्त करा, अंधार पडल्यावर लहान मुलांना काजूंकडे एकटं सोडू नका, दिसलाच तर वाकू नका, पळू नका, मोठ्याने बोलत मागे या, आणि काजूंच्या बाजूला गर्दी जमू देऊ नका. बाकी फॉरेस्टवाले सांगतील ते.

कुत्र्याचा ठसा निघाला तर तेही ग्रुपवर लिहा, तितक्याच स्पष्टपणे: पाऊल दिसलं, झाकून ठेवलं, दाखवलं, कुत्र्याचं निघालं.

रेंज ऑफिस सकाळी साडेनऊला उघडत असेल. तोवर घमेल्यावर एक वीट ठेवा, वाऱ्याने सरकायला नको. आणि काय निघालं ते मला दोन ओळींत जरूर कळवा.